तळाशी उरलेला खार आणि मोकळी झालेली बरणी

मुंबईत नव्याने बिऱ्हाड केलेल्या मुलामुलींच्या ओट्यावर मला एक बरणी हमखास दिसते. गावाहून आईने किंवा मामीने पाठवलेलं कैरीचं लोणचं. फोडी संपलेल्या, तळाशी चार बोटं खार, त्यावर तेलाचा तवंग. फोडी संपल्या म्हणजे लोणचं संपलं असं समजून ती बरणी मागे सरकवली जाते. मग ऐन पावसाळ्यात कधीतरी झाकण उघडलं की आत बुरशी, आणि बरणी खारासकट कचऱ्यात.

मला ते बघवत नाही. त्या चार बोटांमध्ये एका माणसाचा अख्खा मे महिना असतो. राजापुरी कैऱ्या निवडून आणायच्या, मंडईत फोडून देणाऱ्यासमोर ताटकळायचं, फोडींना मीठ-हळद चोळायची, मोहरीची डाळ, मेथी, हिंग, तिखट मोजून घालायचं, फोडणी पूर्ण गार होईपर्यंत वाट बघायची. पुढे कित्येक महिने फोडी आपलं आंबट पाणी सोडत राहतात आणि मोहरी ते पीत राहते. फोडी आपण खातो, पण लोणच्याची खरी चव खारात उतरलेली असते.

म्हणून पहिल्यांदाच स्वतःचं स्वयंपाकघर सांभाळणाऱ्यांसाठी हे सविस्तर लिहिते आहे: तो खार कसा संपवायचा, बरणी कशी धुवायची आणि पुढे तिच्यात काय भरायचं. क्रम महत्त्वाचा आहे. आधी वरचं तेल, मग खार, मग बरणीला चिकटलेला थर, आणि त्यानंतरच साबण. या क्रमाने गेलात तर बरणी धुण्याचं अर्धं काम जेवणातच उरकतं.

आधी उजेडात बघा

बरणी खिडकीपाशी न्या. कोरडा स्टीलचा चमचा घ्या. ओला चमचा लोणच्यात घालू नये हे लहानपणी शंभर वेळा ऐकलेलं असतं, पण तळाशी आलेल्या खाराच्या बाबतीत ते जास्तच पाळायला हवं. वरचा तेलाचा थर पातळ झालेला असतो, मसाला उघडा पडलेला असतो, आणि पाण्याचे दोन थेंबही त्याला पुरतात.

आता तीन गोष्टी तपासा. पहिली बुरशी. पांढरे, हिरवट किंवा काळे मऊ केसाळ ठिपके कुठेही दिसले तर सगळं टाकायचं. वरचं काढून खालचं वापरायचं नाही, कारण बुरशीचे धागे दिसतात त्यापेक्षा खोल गेलेले असतात. दुसरी गोष्ट वास. लोणच्याचा आंबट-हिंगाळ वास वेगळा आणि तेल खवट झाल्याचा वास वेगळा. जुन्या फरसाणाच्या पुडीचा वास आठवा, तसा आला तर तेल गेलं. तिसरी, बुडबुडे. घरच्या कैरीच्या लोणच्यात खार फसफसत असेल आणि झाकण उघडताना हवा सुटत असेल, तर तेही टाका.

एका गोष्टीला मात्र घाबरू नका. बरणीच्या गळ्याशी, झाकणाच्या आटीत पांढरे कण जमलेले असतात. पुष्कळदा ते सुकलेलं मीठ असतं. चिमटीत घेऊन चोळा: मीठ खरखरीत लागतं आणि पाण्याच्या थेंबात विरघळून जातं. बुरशी विरघळत नाही.

टाकायची वेळ आलीच तर खार ओल्या कचऱ्यात टाका, सिंकमध्ये ओतू नका. भांडुपला आम्ही नवीन राहायला आलो त्या वर्षी मी वाटीभर जुना खार गरम पाण्याबरोबर सिंकमध्ये सोडला होता. मोहरीची डाळ आणि तेल यांचा चिखल पाइपाच्या वळणात बसला आणि तिसऱ्या दिवशी पाणी तुंबलं. प्लंबरने पाइप उघडून दाखवला तेव्हा आत पिवळा गोळाच होता. कुंडीतही टाकू नका. एवढं मीठ कोणत्याही रोपाला सोसत नाही.

वरचं तेल

खार चांगला असेल तर बरणी न हलवता वरचं तेल चमच्याने वाटीत काढा. दोन-चार चमचे निघेल.

हे तेल फोडणीला वापरायचा मोह होतो. तो टाळा. त्यात तिखट, हळद आणि मोहरीची डाळ मुरलेली असते. कडकडीत तापवलं की हे सगळं क्षणात करपतं आणि पदार्थ कडू होतो. लोणच्याचं तेल कच्चं, वरून घ्यायचं. मऊ भातावर मेतकूट आणि हे तेल. ताकातल्या तांदळाच्या उकडीच्या मधोमध खळगा करून त्यात अर्धा चमचा. किंवा सगळ्यात सोपं म्हणजे कुरमुरे: चार वाट्या कुरमुरे, दीड-दोन चमचे लोणच्याचं तेल, मूठभर भाजलेले शेंगदाणे, बारीक चिरलेला एक कांदा आणि कोथिंबीर. आधी तेल कुरमुऱ्यांना हाताने चोळून घ्या, मग बाकीचं मिसळा. कांदा आधी घातलात तर त्याचं पाणी सुटून कुरमुरे बसतात. संध्याकाळच्या गर्दीतून उभ्याने घरी आल्यावर हे पाच मिनिटांत होतं आणि गॅस पेटवावा लागत नाही.

आता खार

खार वापरताना एकच नियम: बाकी पदार्थात मीठ घालू नका, शेवटी चाखून ठरवा. खारात मीठ फार असतं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक छोटा सपाट चमचा. त्यामुळे खार हे मिठाच्या जागी घालायचं वाण आहे, मीठ घातल्यावर वरून घालायचं नव्हे. घरात कुणाला रक्तदाब असेल तर त्यांचं पान वेगळं वाढा.

थालीपिठापासून सुरुवात करा, ते बिघडत नाही. दोन वाट्या भाजणी, एक कांदा, कोथिंबीर आणि दीड चमचा खार. तिखट, हळद, हिंग, मीठ काहीच घालायचं नाही, ते सगळं खारात आहे. तवा मध्यम आचेवर ठेवा. मोहरीची डाळ पृष्ठभागावर येते आणि मोठ्या आचेवर तिचे काळे ठिपके पडतात.

मासे खाणाऱ्यांनी बांगड्याला लावून बघा. बांगडे साफ करून चिरा पाडा, चमचाभर खार थोड्या लिंबाच्या रसात कालवून चिरांमध्ये भरा, वीस मिनिटं ठेवा, मग रवा आणि तांदळाच्या पिठात घोळवून कमी तेलावर शांतपणे भाजा. मोहरी आणि मासा यांचं जमतं, हे बंगाल्यांना कधीचं माहीत आहे. बांगडा तेलकट मासा असल्याने लोणच्याचा आंबटपणा त्याला पेलतो. पापलेटाला मी कधी लावत नाही, त्याची नाजूक चव खाराखाली दबते.

तळाशी एखाद-दुसरी मऊ पडलेली फोड आणि कोयीचे तुकडे सापडतात. ते तुरीच्या आमटीत घाला, आमसूल किंवा चिंचेऐवजी. गूळ नेहमीपेक्षा थोडा जास्त. डाळ शिजून घोटल्यावरच घाला, कारण आंबट आधी पडलं तर डाळ शिजायला हटून बसते.

खार वाटीभर उरला असेल तर मात्र खारातल्या मिरच्या कराव्यात. शंभर ग्रॅम कमी तिखट हिरव्या मिरच्या धुवा, पुसा, आणि पंख्याखाली कापडावर चांगले दोन-तीन तास पसरून ठेवा. देठ काढून उभी चीर द्या. खारात दोन लिंबांचा रस घालून मिरच्या त्यात कालवा आणि काचेच्या लहान बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवा. तिसऱ्या दिवसापासून खायला येतात, दोन-तीन आठवड्यांत संपवा.

फ्रिजचं मुद्दाम सांगते, कारण अनेकांना वाटतं की लोणचं बाहेर टिकतं तर मिरच्याही टिकतील. लोणचं टिकतं ते मिठाच्या आणि आंबटाच्या मोजलेल्या प्रमाणामुळे. ताज्या मिरचीचं, गाजराचं, आल्याचं पाणी सुटलं की ते प्रमाण पातळ होतं. मग उरलेला खार हा लोणचं घालायचा मसाला राहत नाही, नुसती चव देणारं वाण राहतं. लसूण तर उरलेल्या तेलात घालून बाहेर ठेवूच नये. तेलाखाली हवा पोचत नाही, लसणाला स्वतःचा आंबटपणा फारसा नाही, आणि अशाच जागी बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढतात. त्याचं विष वासाला किंवा चवीला कळत नाही.

शेवटचा थर: पुऱ्या

आता बरणी रिकामी दिसते, पण आतून पिवळी-तांबडी आहे, गळ्याशी मसाला आहे, तळाच्या कडेला चमचा पोचत नाही. इथे बहुतेक जण साबण घेतात. थांबा.

दोन मोठे चमचे बेसन बरणीत टाका. झाकण लावा, बरणी आडवी धरा आणि ओट्यावर लाटण्यासारखी पुढे-मागे फिरवा. बेसन भिंतींना लागून तेल ओढून घेतं आणि त्याचे ओलसर, केशरी गोळे होतात. झाकण उघडून लाकडी उलथन्याच्या दांड्याने ते खाली पाडा, परातीत काढा. बरणीची काच आता पुष्कळ स्वच्छ दिसेल. मग अर्धी वाटी कोमट पाणी आत घाला, झाकण घट्ट लावा, कापड धरून जोरात हलवा. गळा आणि झाकणाची आतली बाजू दोन्ही धुऊन निघते. हे पाणी वाटीत काढून चाखा. आमटीपेक्षा थोडं जास्त खारट लागलं तर पुऱ्यांना बरोबर. फारच खारट असेल तर अर्धंच वापरा.

परातीत दोन वाट्या कणीक, ते केशरी बेसन, चमचाभर रवा, चमचाभर तीळ, हातावर चोळलेला ओवा घ्या आणि बरणीच्या पाण्याने घट्ट मळा. वेगळं मोहन नको, बेसनात तेल आलेलं आहे. पंधरा मिनिटं झाकून ठेवा, जाडसर लाटा, तळा. तेल नेहमीच्या पुरीपेक्षा किंचित कमी तापलेलं हवं. या पुऱ्या दोन दिवस टिकतात, डब्यात दह्याबरोबर छान लागतात.

वेळ अजिबात नसेल तर आमच्या घरची जुनी पद्धत आहेच: बरणीत गरम भात घालायचा, दांड्याने फिरवायचा, आणि त्या भाताचा गोळा ताटात घ्यायचा. लोणचं घातलेली परात अशा भाताने पुसून खायला आम्ही भावंडं भांडायचो. फक्त भात वाफाळता नको, थोडा निवू द्या. थंड काचेत एकदम कढत काही गेलं की काच तडकते.

बरणी धुणे

तीच गोष्ट पाण्याची. पहिल्यांदा कोमट, मग त्याहून गरम, असं चढत जा. उकळतं पाणी सरळ ओतू नका. काचेचा आतला थर तापून फुगतो, बाहेरचा थंडच असतो, आणि त्या ओढाताणीत बूड गोल कापल्यासारखं सुटतं. चिनी मातीच्या बरणीलाही हेच लागू. कंपनीच्या लोणच्याची पातळ प्लॅस्टिकची बरणी तर कढत पाण्याने आक्रसून वाकडी होते.

भांडी घासायचा साबण आणि बाटलीचा ब्रश पुरतो. तारेची घासणी नको, तिचे ओरखडे पडतात आणि पुढे त्यात मसाला बसतो. पहिल्या धुण्यानंतर चमचाभर खायचा सोडा आणि कोमट पाणी भरून रात्रभर ठेवा.

बहुतेक लोक दहा वेळा बरणी धुतात आणि वास जात नाही म्हणून वैतागतात. काचेला वास राहत नाही. वास असतो झाकणात. झाकणाच्या आत रबराची किंवा प्लॅस्टिकची चकती असते, तिच्यामागे खार शिरलेला असतो. सुरीच्या मागच्या टोकाने ती चकती अलगद काढा. मागे काय निघतं ते बघाल तेव्हा खात्री पटेल. चकती आणि झाकण दोन्हीला सोड्याचा दाट लेप द्या, तासाभराने धुवा, दोन दिवस उन्हात ठेवा. पत्र्याच्या झाकणाला आतून गंज धरला असेल तर ते सरळ भंगारात द्या. मीठ आणि आंबट मिळून पत्रा खातात, आणि तो गंज पुढच्या पदार्थात उतरतो. त्याच मापाचं दुसरं झाकण मिळत नसेल तर बरणीला सुती कापडाचा दादरा बांधून ती कोरड्या वस्तूंना वापरता येते.

चिकटवलेला कागद निघत नसेल तर बरणी कोमट पाण्यात बुडवा. कागद सुटल्यावर उरलेल्या डिंकावर खोबरेल तेल आणि सोडा चोळून दहा मिनिटांनी पुसा.

ऊन हवंच. प्लॅस्टिकवर आणि झाकणावर हळदीचा पिवळेपणा राहतो, तो साबणाने जात नाही पण उन्हाने उडतो. हळदीचा रंग प्रकाशात टिकत नाही. माझ्या खिडकीच्या ग्रिलमध्ये सकाळी साडेआठ ते अकरा ऊन येतं, तेवढं तीन दिवस दिलं की झाकण पांढरं होतं. म्हणूनच जुनी बरणी मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मोकळी करावी. मुंबईत पाऊस सरासरीने ११ जूनच्या आसपास येतो, त्यानंतर सलग तीन दिवस ऊन मिळणं कठीण.

पावसाळ्यात बरणी मोकळी झालीच तर ती ओट्यावर सपाट उपडी ठेवू नका. आत वाफ कोंडते आणि कुबट वास धरतो. दोन चमच्यांच्या दांड्यांवर तिरकी उपडी ठेवा, पाणी निथळलं की सरळ करून, कोरड्या सुती कापडाने आतून पुसून, दिवसभर पंख्याखाली उघडी ठेवा. खरंच सुकली का हे कसं कळणार? भाजलेल्या पापडाचा एक तुकडा आत टाकून झाकण लावा. सकाळी तो कुडकुडीत असेल तर बरणी भरायला तयार. सादळला असेल तर अजून एक दिवस. आणि झाकण उघडल्याबरोबरचा पहिला श्वास नाकाने घ्या: पापडाचाच वास यायला हवा, लोणच्याचा नाही.

चिनी मातीची जुनी बरणी हाताशी आली असेल तर आतून बोट फिरवा. झिलईवर केसासारख्या बारीक भेगांचं जाळं असेल, टवका उडाला असेल, तर तिच्यात आंबट-खारट काही भरू नका. भेगांत जुना खार राहतो, आणि जुन्या झिलईत शिसंही असू शकतं. अशी बरणी लाकडी चमचे ठेवायला चांगली.

आता आत काय भरायचं

याला एक उतरंड आहे. लोणच्याच्या बरणीत पहिल्यांदा तिखट वासाचंच भरा: सुक्या मिरच्या, मसाला, आमसुलं, चिंच. एक-दोन फेऱ्यांनंतर डाळी, कडधान्यं, शेंगदाणे. रवा, साखर, चहा, दुधाची पावडर यांच्या वाटेला मात्र जाऊ नका. या वस्तू वास ओढून घेतात. काचेची बरणी आणि नवं झाकण असेल तरच तो विचार करा. प्लॅस्टिकच्या बरणीत तर लोणच्यानंतर खाण्याचं काही न ठेवलेलं बरं. सुतळी, मेणबत्त्या, खिळे, बटणं ठेवा, किंवा धुऊन सुक्या कचऱ्यात द्या.

माझ्या मते या बरणीला सगळ्यात शोभतो तो वर्षाचा मसाला. लालबागच्या मसाला गल्लीत मिरच्या आणि गरम मसाला घेऊन, भाजून, तिथेच डंखावर कुटून घेता येतो. मे महिन्यात तिथे पाय ठेवायला जागा नसते, शिंका येत राहतात, पण आपल्यासमोर मसाला होतो याचं समाधान वेगळं. पिशवीत आलेला मसाला कोमट असतो. तो लगेच बरणीत भरला तर आत वाफ धरते आणि गुठळ्या होतात. घरी परातीत पसरून पूर्ण गार करा, मग दाबून भरा, मधे हिंगाचे दोन खडे ठेवा. दोन-तीन लहान बरण्या असतील तर एकात रोजचा, बाकीच्या बंद. सतत उघडझाप होणाऱ्या बरणीत मुंबईची दमट हवा शिरत राहते, रंग आणि वास दोन्ही उतरतात.

त्याच बरणीत पुन्हा लोणचं घालायचं असेल तर हिंगाची धुरी द्या. गावाकडे निखाऱ्यावर हिंग टाकून त्यावर बरणी उपडी धरतात. फ्लॅटमध्ये निखारे कुठले, तर लोखंडी पळी गॅसवर चांगली तापवा, गॅस बंद करा, पळी दगडी ओट्यावर ठेवून तिच्यात दोन थेंब तेल आणि पाव चमचा हिंग टाका. धूर उठला की अगदी कोरडी बरणी तिच्यावर उपडी धरा. काच पळीला टेकू देऊ नका, दोन बोटं अंतर ठेवा. धुराने आतली काच धुरकट झाली की लगेच झाकण लावा आणि गार होऊ द्या. पुढे लोणच्याची पहिली फोड खाल तेव्हा तो हिंग कळतो.

रोजच्या उपयोगांत मोड आणणं मला फार आवडतं. मूग आठ तास भिजवा, बरणीत एक तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका, तोंडाला धुतलेल्या मलमलचा तुकडा रबराने बांधा आणि बरणी वाडग्यात तिरकी उपडी ठेवा. पाणी निथळत राहतं, हवा मिळते. मुंबईच्या उकाड्यात दहा-बारा तासांत मोड येतात. मे महिन्यात मधे एकदा कापडावरूनच पाणी घालून निथळून घ्या, नाहीतर चिकट होतात. काचेतून मोड वाढताना दिसतात, घरात लहान मूल असेल तर ते दर अर्ध्या तासाने बघायला जातं.

मनीप्लांट लावायचा असेल तर जरूर लावा, पण एक अट आहे. आठवड्यातून एकदा सगळं पाणी ओतून, बरणी आतून ब्रशने घासून, नवं पाणी भरायचं. डेंग्यूचा डास घरातल्या स्वच्छ साठलेल्या पाण्यात, भांड्याच्या आतल्या कडेला अंडी घालतो, आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. पावसाळ्यात महापालिकेच्या कीटकनाशक विभागाची माणसं घरोघरी येतात तेव्हा फ्रिजमागचा ट्रे आणि मनीप्लांटची बरणी आधी बघतात, ते यासाठीच. नुसतं वरून पाणी वाढवत राहिलात तर अंडी तशीच राहतात, घासणं महत्त्वाचं.

कढीपत्ता, कोथिंबीर ठेवायलाही बरणी चांगली: निवडून, कोरडी करून, कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये.

आणि बरणी गावाहून आली असेल तर ती तुमची नाही, परत पाठवायची आहे. आमच्याकडे बरणी रिकामी परत देत नाहीत. लालबागचा चिवडा, भाजलेला रवा, निदान वाटीभर साखर तरी आत घालून पाठवतात. काचेची असेल तर आधी झाकण चिकटपट्टीने बंद करा, जुन्या टॉवेलात गुंडाळा आणि बॅगेच्या मधोमध, कपड्यांच्या घडीत बसवा. तुतारी एक्स्प्रेसमध्ये बर्थखाली बॅग सरकवताना काठावरची बरणी फुटलेली मी पाहिली आहे. वर चिठ्ठी लावून बरणीत आधी काय-काय भरलं होतं ते लिहा: मसाला, डाळ, की मनीप्लांटचं पाणी. आईला त्यावरून कळतं की येत्या मे महिन्यात तिच्यात लोणचं भरायचं की दुसरी बरणी काढायची.